बाबांनी बावखल बुजवायला घेतलं

माझी धाकटी बहीण इंदू गेली त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, बाबांनी आमचं बावखल बुजवायला घेतलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. एका सकाळी न्याहारी करून उठले, कुदळ आणि टोपली घेतली, वाडीच्या कडेच्या उंचवट्यावरची माती खणली आणि डोक्यावरून नेऊन पाण्यात टाकली. मी ओटीवर शाळेची पाटी पुसत बसले होते. माती पाण्यात पडल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग पुन्हा आवाज आला, आणि थोड्या वेळानं पुन्हा. आईनं भाकरी तव्यावर टाकली.

वसईच्या पश्चिमपट्टीत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना बावखल सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान, पूर्वजांनी हातानं खणलेलं गोड्या पाण्याचं साठवण. प्रत्येक वाडीत एक तरी असायचंच. पावसाचं पाणी त्यात भरायचं, तिथून जमिनीत मुरायचं, आणि ते मुरलेलं पाणी आमच्या विहिरींना उन्हाळाभर पुरायचं. समुद्र एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, मधल्या या चिंचोळ्या पट्टीत जे काही गोडं पाणी होतं ते या बावखलांच्या आणि तळ्यांच्या जोरावर. गावचं मोठं तळं देवळाशी होतं, त्याहून मोठं निर्मळचं, तिथं तर लांबून लोक तीर्थाला येत. जुनी माणसं म्हणत, ही सगळी पाणी आतून एकच आहेत. उन्हाळ्यात गावचं तळं हातभर उतरलं की आमचं बावखलही उतरायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या बावखलाच्या काठाला करंज होते, उंडी होती, एक मोठा भेंड होता. उंडीच्या बियांचं तेल आई दिव्यात घालायची. काठावर बाबांचा रहाट. डोळ्यांवर आंधळी बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, मडक्यांची माळ पाण्यात उतरायची आणि भरून वर यायची, आणि पाणी पाटातून केळींच्या आणि पानवेलींच्या मुळाशी जायचं. रहाटाचा आवाज आमच्या घरात इतका मुरलेला होता की तो चालू असताना आम्हाला ऐकू यायचा नाही. थांबला की सगळे मान वर करायचे. पलीकडच्या काठाला पास्कूकाकांचा रहाट होता. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण बावखल दोघांचं. काठावर त्यांचा चुन्यानं रंगवलेला कुरूस, म्हणजे क्रूस, होता. मे महिन्यात त्याच्यापुढे त्यांच्या वाडीतली माणसं प्रार्थना म्हणायची आणि मग भिजवलेले चणे वाटायची, त्यांतले आमच्याकडेही यायचे. आमच्याकडे तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले की नारळाच्या रसासकट एक टोप पास्कूकाकांकडे जायचा. घरची बोली आमची वेगळी, त्यांची वेगळी, पण एकमेकांची अर्धी अर्धी येत असल्यानं कुणाचं अडत नसे. ते बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर आता माझ्या घरातसुद्धा कुणाला कळणार नाही, म्हणून सरळ भाषेत लिहिते आहे.

इंदू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. जाड वेणी, पुढचा दात पडलेला. तिला बावखलावरचे पक्षी फार आवडायचे. कमळाच्या पानावरून लांब लांब बोटांनी चालणारा एक पक्षी असतो, त्याला ती ‘मास्तर’ म्हणायची, कारण तो पाय उचलून उचलून, थांबून थांबून चालायचा. खंड्या पाण्यात सूर मारायचा तेव्हा ती श्वास धरायची आणि तो वर आला की सोडायची. पाण्याची भीती तिला अजिबात नव्हती. आम्हा मुलींना सांगितलेलं असायचं, काठाला जायचं नाही. एवढंच सांगितलेलं असायचं.

नवरात्राचे दिवस होते. बावखल काठोकाठ भरलेलं आणि लहान पांढरी कमळं उमललेली. मी शाळेत होते. आई देवीच्या नैवेद्याच्या गडबडीत होती. बाबांनी रेडा सोडून बांधला होता आणि ते केळींच्या मागे घड उतरवत होते. इंदू देवीसाठी कमळं काढायला गेली असावी, कारण नंतर काठाच्या दगडावर तिनं तोडलेली दोन कमळं सापडली. पाण्यात पडलेलं माणूस ओरडतं असं आपल्याला वाटतं. बाबा हाकेच्या अंतरावर होते. हाकच आली नाही. पलीकडून पास्कूकाकांना पाण्यावर परकराचा रंग दिसला. त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि तिला बाहेर आणलं. मी शाळेतून आले तेव्हा वाडीत माणसं जमली होती. इंदूला पालथं घालून तिची पाठ चोळत होते. पास्कूकाका बाजूला बसले होते आणि त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. बाबांच्या हातात कोयता तसाच होता. कुणीतरी तो काढून घेतला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की सुतकाचे दिवस संपले त्या सकाळी बाबा आंघोळीला निर्मळच्या तळ्यावर गेले आणि कोरडे परत आले. पायऱ्यांपर्यंत गेले होते म्हणे, आणि तिथूनच वळले. त्या वर्षी आमच्याकडे सुकेळी झाली नाहीत. एरवी राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घातली की सगळं घर गोड वासानं भरून जायचं आणि माश्या हाकलायचं काम आम्हा दोघींकडे असायचं. त्या वर्षी घड झाडावरच पिकले, वटवाघळांनी खाल्ले. बावखलात मरळ मासळी मिळायची. आईच्या हातचं मरळीचं कालवण पास्कूकाका खास मागून न्यायचे. त्यानंतर आईनं मरळ शिजवली नाही, मरेपर्यंत नाही. पिण्याचं पाणीही ती गावच्या तळ्याशेजारच्या विहिरीवरून आणू लागली. आमची विहीर अंगणात असताना.

आणि बाबा माती टाकत होते. रोज. सकाळी न्याहारीनंतर सुरू करायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत टाकायचे, पुन्हा ऊन उतरल्यावर. रहाट बंद. रेडा गोठ्यात उभा. पानवेलींची पानं आधी पिवळी पडली, मग गळायला लागली. उंचवट्याच्या जागी खड्डा झाला आणि बावखलाच्या आमच्या बाजूला पाण्यातून मातीची एक जीभ पुढे पुढे सरकू लागली. कमळाची पानं तिच्याखाली गेली. पाणी गढूळ झालं, पलीकडच्या काठापर्यंत गढूळ.

पास्कूकाकांची वेल त्याच पाण्यावर होती. त्यांनी येऊन भांडावं, असं सगळ्या वाडीला वाटत होतं. गावातली दोन मोठी माणसं त्यांना म्हणालीही, की बावखल तुमचंही आहे, तुम्ही बोला. एका दुपारी ते आले. बाबा टोपली भरत होते. पास्कूकाका बराच वेळ उभे राहिले, मग उकिडवे बसले.

“जयराम,” ते म्हणाले, “माझ्या विहिरीचं पाणी मचूळ लागतंय.”

बाबांनी टोपलीत आणखी माती ओढली.

“मी तुला थांब म्हणायला नाही आलो. पोर मी काढली बाहेर. माझ्या हातात आहे अजून तिचं वजन. मी कुठल्या तोंडानं तुला थांब म्हणू?”

“मग कशाला आलास?” बाबांनी विचारलं.

“सांगायला आलो. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.”

ते उठून गेले. बाबांनी टोपली उचलली. विहीर खरंच मचूळ, खारटसर झाली होती, की माणसांच्या मनाला तसं लागत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या तीन-चार वाड्यांतली माणसं पाणी तोंडात धरून थांबायची आणि मग गिळायची, हे आठवतं.

आईचं कुणाशी काही बोलणं नव्हतं. बाबा जेवायला बसले की ती वाढायची, पंखा घालायची. उकडहंडी हे बाबांच्या आवडीचं. कंद, वालाच्या शेंगा, रताळी असं सगळं एका हंडीत कोंडून शिजवायचं. त्या थंडीत तिनं ती एकदा केली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि उठले. हंडी तशीच राहिली. आईनं ती पास्कूकाकांकडे पाठवली, आणि त्या दिवशी मागच्या दारी बसून मासळीवाल्या हिरामावशीशी ती कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होती.

हिरामावशी अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची. तो किल्ला समुद्रात आहे. तिथली माणसं रोज होडीनं या काठाला येत आणि संध्याकाळी होडीनं परत जात. उंच, काळी, डोक्यावर पाटी असली तरी मान ताठ. बोंबील, मांदेली, कोलीम असं काही देऊन ती आमच्याकडून केळी आणि भाजी घेऊन जायची. तिच्या बोलण्यात आमच्या ‘ण’चा ‘न’ व्हायचा आणि इंदू तिची हुबेहूब नक्कल करायची. हिरामावशीला ते ठाऊक होतं. ती मुद्दाम इंदूला “पानी आन गो” म्हणायची.

चैत्र लागला होता. एका सकाळी आई मला म्हणाली, “आज शाळेत जाऊ नको. परकराचा काचा मार.” मी विचारलं, कशाला? तिनं उत्तर दिलं नाही. स्वतःच्या लुगड्याचा काचा तिनं घट्ट खोचला आणि माझा हात धरून बावखलाकडे निघाली. इंदू गेल्यापासून ती त्या वाटेनं गेली नव्हती. पास्कूकाकांच्या बाजूला, जिथं पाणी अजून खोल होतं आणि दगडी पायऱ्या होत्या, तिथं हिरामावशी उभी होती. तिची पाटी कुरुसाच्या ओट्यावर ठेवलेली. बाबा त्या वेळी उंचवट्याकडे खणत होते, आम्हाला दिसत नव्हते.

आई आधी उतरली. तिला पोहता येत नव्हतं. एक पायरी, दुसरी, मग कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. लुगड्यात हवा भरली आणि ते तिच्याभोवती फुगून वर आलं. ती थांबली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग माझ्याकडे हात केला. मी उतरले. पाणी वर कोमट होतं आणि पायांशी गार. मला रडू येत होतं, आणि ज्या पाण्यात इंदू गेली ते पाणी माझ्या तोंडात जाईल या विचारानं मी ओठ घट्ट मिटले होते.

हिरामावशीनं माझ्या पाठीखाली हात घातला. “पान्याशी भांडायचं नाय गो,” ती म्हणाली. “त्याच्यावर निजायचं. अंग सोड. सोड सगलं. बघ, तुला कोन उचलतंय? मी नाय उचलत. पानी उचलतंय.”

मी आडवी झाले. कानांत पाणी गेलं आणि सगळे आवाज लांब गेले. भेंडाची पानं वर हलत होती. तेवढ्यात, त्या लांबच्या आवाजांतून, बाबांची हाक आली आणि मी घाबरून बुडाले. हिरामावशीनं मला धरून उभं केलं. पलीकडे, मातीच्या जिभेच्या टोकाला, डोक्यावर भरलेली टोपली घेऊन बाबा उभे होते.

“बाहेर ये,” ते आईला म्हणाले. “पोरीला घेऊन आधी बाहेर ये.”

“नाही येत,” आई म्हणाली.

“एक गेली ती पुरी नाही झाली तुला?”

असं बोलणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. पास्कूकाका त्यांच्या वेलींतून बाहेर आले आणि तिथंच थबकले.

“तुमची टोपली भरलेली आहे,” आई म्हणाली. “टाका. आम्ही इथंच उभ्या आहोत.”

बाबांनी डोक्यावरची टोपली सावरली.

“हे बुजवाल,” आई म्हणाली. “मग गावचं तळं आहे. निर्मळचं आहे. ज्याच्या त्याच्या वाडीत एकेक आहे. उद्या हिला ज्या घरी देऊ तिथं पाणी नसेल? ही घागर घेऊन काठाला जाणार नाही? तिथंही टोपली घेऊन जाल?” तिचा आवाज चढला नव्हता, पाण्यावरून तो तसाही लांबवर जात होता. “मुलगा पाच वर्षांचा झाला की कमरेला भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडता. पोरींना सांगता, काठाला जाऊ नको. माझ्या इंदूला कुणी शिकवलं असतं तर ती चार हात मारून पायरीला लागली असती. पायरी किती लांब होती? सांगा ना. तुम्ही पाहिली आहे.”

बाबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. टोपलीतून माती त्यांच्या खांद्यावर सांडत होती. शेवटी हिरामावशीच बोलली, अगदी रोजच्या आवाजात. “दादा, टोपली खाली ठेव. मान दुखंल.”

बाबांनी टोपली खाली ठेवली. ठेवली म्हणजे हळूच, दोन्ही हातांनी, जड वस्तू ठेवतात तशी. आणि मग तिच्या शेजारी ते बसले आणि रडले. इंदू गेल्यापासून ते रडले नव्हते. पास्कूकाका काठाकाठानं वळसा घालून त्यांच्याकडे गेले आणि शेजारी बसले. आईनं त्या बाजूला पाहिलं नाही. तिनं मला सांगितलं, “निज पुन्हा पाण्यावर.”

त्यानंतर बाबांनी माती टाकली नाही. टाकलेली काढलीही नाही. ती भरलेली टोपली पावसापर्यंत तिथंच होती, तिच्यात गवत उगवलं. काही दिवसांनी सकाळी मी ओटीवर आले तर खुंटीला सुतळीच्या जाळीत बसवलेला एक मोठा सुका भोपळा टांगलेला होता. बाबांनी तो कुठून आणला कुणास ठाऊक. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “गाठ मागच्या बाजूला येऊ दे, पुढे आली तर पोटाला काचते.” आणि रेड्याला घेऊन रहाटाकडे गेले.

गावात बोलणं झालंच. बायामाणसांनी भिजल्या अंगानं काठावर वावरायचं, ही कुठली रीत, असं आमच्याच भावकीतल्या एका म्हाताऱ्यांनी दारात येऊन ऐकवलं. आईनं त्यांना पाणी आणि गूळ दिला आणि ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पास्कूकाकांनी त्यांच्या दोन्ही मुली पाठवल्या. मग त्यांच्या शेजारच्या आल्या. हिरामावशी आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास द्यायची आणि मासळीची पाटी उचलून पुढे जायची. बाकीचे दिवस आई पाण्यात उभी राहायची, गळ्याएवढ्या पाण्यात, हात पसरून, आम्ही तिच्या एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जायचो. तिला स्वतःला शेवटपर्यंत पोहता आलं नाही. ती नुसती उभी राहायची.

बाबांनी भरलेल्या बाजूला पाणी उथळ राहिलं. दोन पावसाळ्यांनी त्या मातीवर लव्हाळं आणि कमळं इतकी दाट झाली की इंदूचे ते मास्तर पक्षी तिथं घरटी करू लागले. आज मी हे लिहिते आहे तेव्हा आमची वाडी वाटण्यांत गेली आहे. जिथं उथळ होतं तिथं पुरती भर पडून इमारत उभी आहे. खोल बाजूचा एक तुकडा अजून आहे, जलपर्णीनं हिरवागार झालेला. मध्ये गावातली काही तरुण मुलं-मुली आली होती, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. उरलेली बावखलं साफ करतात म्हणे, मला जुनी माहिती विचारत होती. मी काठी टेकत त्यांच्याबरोबर गेले आणि पायऱ्या कुठं होत्या ते दाखवलं. एका मुलीनं विचारलं, आजी, इथं काय करायचात तुम्ही? मी म्हटलं, पोहायचो. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

त्या चैत्रानंतरचा भाद्रपद आला. बावखल पुन्हा भरलं. मी तोपर्यंत भोपळ्याशिवाय पोहू लागले होते, पण काठाकाठानंच. मध्ये, जिथं इंदूला उचललं होतं तिथं, मी जात नसे आणि कुणी जा म्हणत नसे. एका दुपारी पाऊस उघडला होता. आई आमच्या काठाला कपडे धूत होती, बाबा पाटातला पाला काढत होते. माझ्या मनात काय आलं ते सांगता येणार नाही. मी पाण्यात शिरले आणि सरळ निघाले. मध्यावर आले तेव्हा हात जड झाले. मग हिरामावशीनं शिकवलं होतं तशी मी पाठीवर वळले आणि आभाळाकडे बघत पडून राहिले. ढग फार सावकाश चालले होते. खाली किती पाणी आहे याचा मी विचार केला, आणि इंदूचा केला. पहिल्यांदाच भीती न वाटता केला. मग पुन्हा वळले आणि हात मारू लागले.

पलीकडची पायरी हाताला लागली. मी तिच्यावर बसले आणि धापा टाकत मागे पाहिलं. बाबा पाटात तसेच वाकलेले होते, हातात ओला पाला, तोंड माझ्याकडे. आई उभी राहिली होती. तिच्या हातातल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा वळसा घालून धावत येईल असं मला वाटलं.

“दम घे,” ती पलीकडून म्हणाली. “आणि परत ये.”

मी दम घेतला आणि पाण्यात उतरले.